लायर्स पोकर

लायर्स पोकर हा चलनी नोटांवर छापलेल्या क्रमांकांतील अंकांच्या आधारे खेळला जाणारा बोलीचा आणि थापेबाजीचा बैठा खेळ आहे. प्रत्येक भिडूजवळ एक नोट असते आणि तिचा क्रमांक फक्त त्यालाच दिसतो. सर्वांच्या नोटा मिळून एखादा अंक किमान किती वेळा आला असेल, याची बोली भिडू आळीपाळीने लावतात. प्रत्येक नवी बोली आधीच्या बोलीपेक्षा चढती असावी लागते. बाकीच्या सर्व भिडूंनी एकाच बोलीवर अविश्वास दाखवला की नोटा उघड केल्या जातात, अंक मोजले जातात आणि डावाचा निकाल लागतो.

हा खेळ दोघांपासून सुमारे दहा जणांपर्यंत खेळता येतो. नोटेच्या मूल्याला खेळात महत्त्व नसते. दहा रुपयांची नोट आणि पाचशे रुपयांची नोट येथे सारख्याच उपयोगाच्या असतात. अमेरिकेत डॉलरच्या नोटांवर खेळला जाणारा हा खेळ १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या रोखेबाजारातील दलालांमध्ये लोकप्रिय होता. मायकेल लुईस यांच्या १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लायर्स पोकर’ या पुस्तकामुळे त्याचे नाव जगभर पोहोचले. भारतीय नोटांवरही तो थोड्याशा फरकाने खेळता येतो. नावात लबाडी असली तरी या खेळात खरी कसोटी लागते ती अपुऱ्या माहितीवरून अनुमान काढण्याच्या क्षमतेची.

नाव आणि परिभाषा

‘लायर’ म्हणजे खोटे बोलणारा आणि ‘पोकर’ हा पत्त्यांचा प्रसिद्ध खेळ. त्यावरून ‘लबाडाचा पोकर’ असा या नावाचा शब्दशः अर्थ होतो. या खेळात पत्ते वापरत नाहीत. हातातील सामग्री झाकून ठेवून बोलीच्या जोरावर प्रतिस्पर्ध्याला गोंधळात टाकणे, एवढेच पोकरशी त्याचे साम्य आहे. या लेखात पुढील शब्द वापरले आहेत.

भिडू: खेळणारी प्रत्येक व्यक्ती. या खेळात जोडीदार नसतात; प्रत्येक जण स्वतःपुरता खेळतो.
बोली: ‘तीन सात’, ‘चार पाच’ यांसारखे विधान. ‘तीन सात’ याचा अर्थ सर्व नोटांत मिळून सात हा अंक किमान तीन वेळा आहे, असा होतो.
आव्हान: चालू बोलीवर अविश्वास दाखवणे.
थाप: स्वतःच्या नोटेचा आधार नसताना लावलेली बोली.
डाव: नोटा घेण्यापासून हिशेब पुरा होईपर्यंतची एक फेरी.

खेळाची सामग्री

अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवर एक अक्षर, आठ अंक आणि शेवटी पुन्हा एक अक्षर अशी क्रमांकाची रचना असते. त्यांतील आठ अंक खेळात धरले जातात. भारतीय नोटेवर क्रमांकाच्या आरंभी अंक आणि अक्षरे मिळून तीन चिन्हांचा एक गट असतो व त्यानंतर सहा अंक येतात. २०१५ सालापासून हे सहा अंक डावीकडून उजवीकडे आकाराने वाढत जाणारे छापले जाऊ लागले. आरंभीच्या तीन चिन्हांचा आकार मात्र एकसारखाच राहतो. भारतीय नोटांवर खेळताना आरंभीचा गट सोडून पुढचे सहा अंकच धरणे सोयीचे असते, कारण त्या गटातील अंकांची संख्या सर्व नोटांवर सारखी असेलच असे नाही. कोणते अंक धरायचे, हे डाव सुरू होण्यापूर्वीच ठरवावे लागते.

काही भारतीय नोटांवर तीन चिन्हांचा गट आणि सहा अंक यांच्यामध्ये तारांकन असते. शंभर नोटांच्या पुडक्यात सदोष छपाईमुळे बाद झालेल्या नोटेच्या जागी अशी नोट घातली जाते. ती इतर कोणत्याही नोटेइतकीच वैध असते, असे भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. खेळात तारांकनाला काही अर्थ नाही.

भारतात नोटांची छपाई नाशिक रोड, देवास, म्हैसूर आणि सालबोनी येथे होते. त्यांपैकी नाशिक रोड येथील चलार्थ पत्र मुद्रणालय १९२८ सालापासून कार्यरत आहे. नोटांचे क्रमांक छपाईच्या वेळी ओळीने पडतात, ही गोष्ट खेळाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बँकेतून आलेल्या कोऱ्या पुडक्यातील नोटांच्या सहा अंकांपैकी पहिले चार अंक जवळजवळ सर्व नोटांवर सारखेच असतात. एकाच पुडक्यातील नोटा वाटल्या, तर स्वतःच्या नोटेकडे पाहताच दुसऱ्याचे चार अंक कळतात आणि खेळात काही अर्थ उरत नाही. म्हणून वापरातल्या, हातोहात फिरलेल्या नोटा घ्याव्या लागतात. मावळ तालुक्यात पुणे–मुंबई जुन्या महामार्गावर असलेल्या सोमाटणे फाट्यासारख्या वर्दळीच्या ठिकाणी चहाच्या टपरीवर मोड म्हणून मिळणाऱ्या नोटा अशा मिसळलेल्या असतात. त्यांचे क्रमांक एकमेकांशी संबंध नसलेले असण्याची शक्यता बरीच जास्त असते.

नियम

नोटा घेणे. प्रत्येक भिडू एक नोट घेतो व तिचा क्रमांक इतरांना दिसणार नाही अशा रीतीने धरतो. पहिली बोली कोणी लावायची, हे चिठ्ठी टाकून किंवा मागील डावाच्या निकालावरून ठरवतात. त्यानंतर बोली घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पुढे सरकते.

बोलीची चढण. नवी बोली आधीच्या बोलीपेक्षा दोन प्रकारे चढती असू शकते. एक तर संख्या तीच ठेवून मोठा अंक घ्यावा; उदाहरणार्थ, ‘तीन पाच’नंतर ‘तीन सात’. नाही तर संख्या वाढवून कोणताही अंक घ्यावा. उदाहरणार्थ, ‘तीन सात’नंतर ‘चार दोन’. मधल्या पायऱ्या गाळून एकदम मोठी बोली लावण्यास मुभा असते. शून्य हा बहुधा दहाच्या स्थानी, म्हणजे सर्वांत मोठा अंक मानतात.

आव्हान. पाळी आलेल्या भिडूपुढे दोनच मार्ग असतात: बोली चढवणे किंवा आव्हान देणे. गप्प राहता येत नाही. एकाने आव्हान दिले म्हणून डाव संपत नाही. पाळी पुढच्या भिडूकडे जाते. त्याने बोली चढवली, तर आधीच्या बोलीवरचे आव्हान आपोआप रद्द होते आणि नव्या बोलीवर पुन्हा पहिल्यापासून फेरी सुरू होते. बोली लावणारा सोडून बाकी सर्वांनी ओळीने आव्हान दिले की बोली बंद होते.

निकाल. सर्व नोटा उघड करून बोलीतील अंक मोजतात. तो बोलीइतका किंवा तिच्याहून अधिक वेळा आला असेल, तर बोली खरी ठरते आणि शेवटच्या बोलीदाराला प्रत्येक भिडूकडून एकेक गुण मिळतो. कमी वेळा आला असेल, तर बोलीदार प्रत्येकाला एकेक गुण देतो. चार भिडूंच्या डावात शेवटचा बोलीदार तीन गुण कमावतो किंवा गमावतो. आव्हान देणाऱ्या प्रत्येकाचा लाभ वा तोटा एकाच गुणाचा असतो.

डावाचे उदाहरण

अ, ब, क आणि ड असे चार भिडू भारतीय नोटांवर खेळत आहेत, असे समजू. त्यांच्या नोटांवरील सहा अंक असे आहेत:

अ: ४७२७१९
ब: ३०५५३८
क: ९१७०४६
ड: ६८५५२३

अजवळ दोन सात आहेत. तो सावधपणे ‘दोन सात’ अशी बोली लावतो. बजवळ दोन पाच आहेत. इतरांपैकी कोणाजवळ एखादा पाच असेलच, या भरवशावर तो ‘तीन पाच’ म्हणतो. कजवळ एकच सात आहे; पण अच्या बोलीवरून त्याच्याजवळ सात असावेत असे समजून तो ‘तीन सात’पर्यंत जातो. डजवळ दोन पाच आहेत आणि बने पाचाची बोली लावलेली त्याने ऐकलेली आहे. तो ‘चार पाच’ म्हणतो. अजवळ एकही पाच नाही, म्हणून तो आव्हान देतो.

आता पाळी बची आहे. स्वतःजवळचे दोन पाच आणि डची धिटाई पाहता ‘चार पाच’ खरे असावेत, असे त्याला वाटते. आव्हान दिले तर एक गुण जाण्याची भीती आहे. म्हणून तो थाप मारतो आणि ‘चार सात’ म्हणतो. त्याच्याजवळ एकही सात नाही. अ आणि क यांच्या बोलींवर तो विसंबला आहे. क, ड आणि अ हे तिघेही आव्हान देतात. नोटा उघडल्यावर अजवळ दोन आणि कजवळ एक असे तीनच सात निघतात. बोली खोटी ठरते आणि बला प्रत्येकी एक असे तीन गुण द्यावे लागतात.

बची थाप आततायी म्हणता येत नाही. एखाद्या भिडूने ‘पाच सात’ म्हटले असते, तर ब सुटला असता. आव्हान दिल्याने एक गुण जाण्याचा संभव होता. थाप मारल्याने तीन गुण जाण्याचा धोका होता, पण काहीही न गमावता निसटण्याची संधीही होती. जवळजवळ प्रत्येक डावात कोणाला तरी अशी निवड करावी लागते.

संभाव्यतेचे गणित

सहा अंकांच्या नोटेवर सर्व अंक वेगवेगळे असण्याची शक्यता १५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे दर शंभर नोटांपैकी सरासरी ८५ नोटांवर कोणता तरी अंक निदान दोनदा येतो. एकच अंक तीन किंवा अधिक वेळा येण्याची शक्यता सुमारे १६ टक्के आहे. अनुभव नसलेल्या भिडूला आपल्या नोटेवरची जोडी मोठी मोलाची वाटते. वस्तुतः जोडी ही नेहमीची गोष्ट आहे.

चार भिडूंच्या डावात प्रत्येकाला स्वतःचे सहा अंक दिसतात आणि अठरा दिसत नाहीत. न दिसणाऱ्या अठरा अंकांत एखादा ठरावीक अंक सरासरी १.८ वेळा येतो. तो किमान किती वेळा येईल, याची शक्यता पुढीलप्रमाणे आहे:

किमान एकदा: सुमारे ८५ टक्के
किमान दोनदा: सुमारे ५५ टक्के
किमान तीनदा: सुमारे २७ टक्के
किमान चारदा: सुमारे १० टक्के

म्हणून ज्याच्याजवळ दोन सात आहेत, त्याने लावलेली ‘चार सात’ ही बोली निम्म्याहून थोड्या अधिक वेळा खरी ठरावी. तीच बोली एकही सात नसलेल्याने लावली, तर ती दहांतून एकदाच खरी ठरेल. डॉलरच्या आठ अंकी नोटांवर चार भिडू खेळत असतील, तर न दिसणारे अंक चोवीस असतात आणि त्यांत एखादा अंक किमान दोनदा येण्याची शक्यता सुमारे ७१ टक्क्यांपर्यंत वाढते. त्यामुळे डॉलरच्या खेळातील बोली भारतीय नोटांवर जशाच्या तशा लावल्या, तर त्या फार चढ्या ठरतात.

हे आकडे कोणी काही बोलण्यापूर्वीचे आहेत. डाव सुरू झाल्यावर प्रत्येक बोलीतून नवी माहिती मिळते. एखाद्याने सातावर बोली लावली, की त्याच्याजवळ सात असण्याची शक्यता वाढते. याउलट, आपल्या बोलीवर तिघांनीही आव्हान दिले, की त्यांच्याजवळ तो अंक कमी असल्याचे सूचित होते. त्यामुळे ५५ टक्के वाटणारी बोली आव्हानानंतर प्रत्यक्षात त्याहून कमी वेळा खरी ठरते. थापेचे कार्य ही माहिती गढूळ करणे हेच आहे. कोणीच कधी थाप मारली नाही, तर बोलींवरून सर्वांच्या नोटा वाचता येतील. सर्वांनी सदासर्वदा थापाच मारल्या, तर बोलींना काही अर्थ उरणार नाही आणि फक्त कोरे गणित शिल्लक राहील. कुशल भिडू क्वचितच थाप मारतो. त्याची बोली एरवी विश्वासार्ह असते, म्हणूनच त्याची थाप चालते.

थोडे पाहून पुष्कळाचा अदमास घेण्याच्या या कलेचा एक जुना उल्लेख महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात आढळतो. राजा ऋतुपर्ण रथातून जाताना बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या फांद्यांवरील पाने आणि फळे यांची संख्या सांगतो. नल झाड पाडून मोजतो, तेव्हा ती बरोबर निघते. त्यानंतर ऋतुपर्ण नलाला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकवतो. बेहड्याची फळेच त्या काळी फासे म्हणून वापरली जात. मोजणीचा अदमास आणि द्यूतातील कौशल्य या एकाच विद्येच्या दोन बाजू आहेत, ही जाण त्या कथेत दिसते.

प्रकार

एकेरी आव्हान. या प्रकारात पहिल्या आव्हानालाच नोटा उघडतात आणि हिशेब फक्त बोलीदार व आव्हान देणारा या दोघांत होतो. डाव लवकर संपतो. लहान मुलांना व नवख्यांना हा प्रकार सोपा जातो.

पुनर्बोली. सर्वांनी आव्हान दिल्यावर बोलीदाराला स्वतःचीच बोली एकदा चढवण्याची संधी काही गटांत दिली जाते. आव्हानांमुळे भ्यायलेला बोलीदार पुन्हा वर चढतो, तेव्हा तो खरोखर बळकट आहे की दुसरी थाप मारतो आहे, हे ओळखणे कठीण होते.

एक्क्याचा प्रकार. शून्याऐवजी एक हा अंक पत्त्यांतील एक्क्याप्रमाणे सर्वांत मोठा धरतात. नियम तेच राहतात. फक्त बोलीच्या शिडीतील वरची पायरी बदलते.

एका नोटेचा पोकर. यात बोली नसते. प्रत्येक जण आपल्या नोटेवरील अंकांतून जोडी, दोन जोड्या, एकाच अंकाचे त्रिकूट अशी पोकरमधील रचना जुळवतो आणि ज्याची रचना वरचढ तो जिंकतो. यात थापेला वाव नसल्याने हा प्रकार केवळ नशिबाचा आहे.

नोटेशिवाय खेळ. क्रमांकाचे मूल्य अंकांपुरतेच असल्यामुळे नोटेऐवजी कागदाच्या चिठ्ठ्या वापरता येतात. शून्य ते नऊ अंकांच्या प्रत्येकी दहा चिठ्ठ्या करून त्या मिसळाव्यात आणि प्रत्येकाला सहा द्याव्यात. गुणांसाठी चिंचोके किंवा कवड्या पुरतात. मात्र एक लक्षात ठेवावे लागते: या प्रकारात प्रत्येक अंक मर्यादित वेळाच असतो, त्यामुळे वर दिलेली टक्केवारी किंचित बदलते.

गैरप्रकार आणि दक्षता

बोलीत खोटे सांगणे हा खेळाचा भाग आहे. नोट निवडून आणणे ही फसवणूक आहे. एकच अंक चार-पाच वेळा असलेली नोट पाकिटात जपून ठेवणारा भिडू इतरांना ठाऊक नसलेला लाभ घेऊन बसतो. त्यावर सोपा उपाय असा, की सर्वांनी आपापल्या नोटा एकत्र कराव्यात, त्या उलट्या घालून मिसळाव्यात आणि मग प्रत्येकाने एकेक उचलावी. एकदा वापरलेली नोट त्याच बैठकीत पुन्हा घेऊ नये, कारण तिचे अंक कोणाच्या तरी लक्षात राहिलेले असतात.

खुणेसाठी नोटेवर लिहिणे, तिची कोपरे मुडपणे किंवा तिला टाचणी लावणे टाळावे. रिझर्व्ह बँकेने १९९९ साली स्वच्छ नोटांचे धोरण जाहीर केले असून नोटांवर न लिहिण्याचे आवाहन ती नागरिकांना करत आली आहे.

वॉल स्ट्रीटवरील इतिहास

सॉलोमन ब्रदर्स ही न्यूयॉर्कमधील रोख्यांच्या व्यवहारातील बलाढ्य पेढी होती. लुईस यांनी १९८०च्या दशकात तेथे नोकरी केली. त्यांच्या पुस्तकाच्या आरंभी या खेळाचा प्रसंग येतो. त्यांच्या कथनानुसार १९८६ साली पेढीचे प्रमुख जॉन गुटफ्रेंड यांनी ज्येष्ठ दलाल जॉन मेरिवेदर यांना दहा लाख डॉलरच्या एकाच डावाचे आव्हान दिले. मेरिवेदर यांच्यापुढे पेच होता: जिंकावे तर वरिष्ठ दुखावणार, हरावे तर दहा लाख डॉलर जाणार, नकार द्यावा तर भित्रेपणा ठरणार. त्यांनी पैज एक कोटी डॉलरची करण्याची तयारी दाखवली आणि गुटफ्रेंड यांनी माघार घेतली. डाव झालाच नाही. खेळाच्या परिभाषेत सांगायचे, तर मेरिवेदर यांनी आव्हानाला उत्तर म्हणून बोली चढवली होती.

दलालांना हा खेळ जवळचा वाटण्याचे कारण त्यांच्या व्यवसायात होते. रोख्यांच्या व्यवहारातही प्रत्येकाला बाजाराचा थोडाच भाग दिसतो आणि इतरांच्या बोलींवरून उरलेल्याचा अंदाज बांधावा लागतो. तथापि, खेळ आणि व्यवहार यांत एक मूलभूत भेद आहे. खेळात थापेला सर्वांची पूर्वसंमती असते. व्यवहारात ती नसते. १९९१ साली हा भेद ठळकपणे पुढे आला. अमेरिकेच्या सरकारी रोख्यांच्या लिलावात एका बोलीदाराला ३५ टक्क्यांची मर्यादा होती. सॉलोमन ब्रदर्समधील सरकारी रोखे विभागाचे प्रमुख पॉल मोझर यांनी ग्राहकांच्या नावांवर त्यांच्या संमतीविना बोली लावून ती ओलांडल्याचे उघड झाले. ऑगस्ट १९९१मध्ये गुटफ्रेंड यांना पायउतार व्हावे लागले आणि वॉरन बफे यांनी पेढीची सूत्रे तात्पुरती हाती घेतली. १९९२ साली पेढीने २९ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले.

मेरिवेदर यांनीही पेढी सोडली आणि पुढे ‘लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट’ हा गुंतवणूक निधी स्थापन केला. १९९८ साली रशियाच्या आर्थिक संकटानंतर तो कोसळला. त्याला सावरण्यासाठी चौदा वित्तसंस्थांना सुमारे ३६० कोटी डॉलर घालावे लागले. निधीने जगभर विखुरलेल्या व्यवहारांतील जोखमी एकमेकींपासून बऱ्याच अंशी स्वतंत्र मानल्या होत्या. संकटात त्या एकाच वेळी अंगावर आल्या. एकाच पुडक्यातील नोटा वेगवेगळ्या मानून बोली लावणाऱ्या भिडूची चूक याच जातीची असते.

तत्सम खेळ

‘लायर्स डाइस’ या नावाने ओळखला जाणारा फाशांचा खेळ नियमांच्या दृष्टीने या खेळाचा सर्वांत जवळचा नातेवाईक आहे. त्यात झाकलेल्या फाशांवर बोली लावतात. दक्षिण अमेरिकेत खेळल्या जाणाऱ्या ‘दूदो’ या त्याच्या प्रकारात एक हा अंक हुकमी असून तो कोणत्याही अंकाच्या जागी धरता येतो.

पत्त्यांच्या खेळांपैकी ‘ब्लफ’ किंवा ‘चॅलेंज’ हा महाराष्ट्रातील घरोघरी परिचित आहे. त्यात पत्ते उलटे टाकून ते कोणते आहेत हे तोंडाने सांगतात. संशय आल्यास पत्ते उलगडून पाहतात. तेथे खोटे बोलणारा स्वतःच्या पत्त्यांविषयी खोटे बोलतो. लायर्स पोकरमधील विधान सर्वांच्या नोटांविषयी असते, त्यामुळे थाप मारणाऱ्याची बोली अनेकदा त्याच्या नकळत खरी निघते. ‘तीन पत्ती’तही न पाहता ‘ब्लाइंड’ खेळण्याला आणि धमकावून प्रतिस्पर्ध्याला पत्ते टाकायला लावण्याला महत्त्व आहे. पण तेथे डावागणिक पैज वाढत जाते, तर येथे बोली वाढते आणि पैज ठरलेलीच राहते.

मुंबईत १९६०च्या दशकात फोफावलेला आकड्यांचा जुगार, म्हणजेच मटका, हा या खेळाच्या जातीचा नाही. आरंभी न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर आणि नंतर मडक्यातून काढलेल्या चिठ्ठ्यांवर आधारलेल्या त्या जुगारात लावणाऱ्याला कोणतीच माहिती नसते आणि त्याला प्रतिस्पर्धीही दिसत नाही. तेथे अनुमानाला जागा नाही.

महाराष्ट्रातील कायदा

महाराष्ट्रात १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक अधिनियम लागू आहे. सार्वजनिक ठिकाणी पैसे लावून जुगार खेळणे आणि जुगाराचा अड्डा चालवणे हे त्यानुसार गुन्हे आहेत. केवळ कौशल्याच्या खेळांना अधिनियमातून सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली आंध्र प्रदेशातील एका खटल्यात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. त्याच निकालात तीन पत्तीचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा असल्याचे नमूद केले. लायर्स पोकरमध्ये कौशल्याला वाव असला तरी हाती कोणती नोट येईल हे नशिबावर अवलंबून असते. त्यामुळे सार्वजनिक ठिकाणी पैसे लावून तो खेळल्यास कायद्याचा बडगा बसू शकतो. ऑनलाइन खेळांबाबत २०२५ सालच्या केंद्रीय कायद्याने, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळण्यास मनाई केली आहे.

नोट हे या खेळात अंकांचे साधन आहे. ती पैज असण्याची गरज नाही. डाव संपल्यावर प्रत्येकाने आपली नोट परत घ्यावी आणि हिशेब गुणांत ठेवावा. तसे केले, तर खेळाच्या नियमांत काही उणे होत नाही आणि जुगाराचा प्रश्नही उद्भवत नाही.

शैक्षणिक उपयोग

शाळकरी मुलांमध्ये पुस्तकाचे पान उघडून पृष्ठक्रमांकाच्या शेवटच्या अंकावर धावा मोजण्याचा ‘पुस्तकी क्रिकेट’ हा खेळ लोकप्रिय आहे. अंकांचे यादृच्छिक येणे त्यातून नकळत अनुभवास येते. लायर्स पोकर त्यापुढची पायरी ठरू शकतो. कागदाच्या चिठ्ठ्यांवर पंधरा-वीस डाव खेळून प्रत्येक डावातील अंतिम बोली आणि प्रत्यक्ष मोजणी यांची नोंद ठेवली, तर माध्यमिक इयत्तांतील संभाव्यतेच्या पाठाला हाताशी उदाहरण मिळते. विद्यार्थ्यांना त्यातून दोन गोष्टी पडताळून पाहता येतात: जोडी किती वारंवार येते आणि ‘चार सात’सारख्या बोली दर दहा डावांत किती वेळा खऱ्या ठरतात. संभाव्यता म्हणजे भविष्यकथन नव्हे, हेही त्यातून उमगते. ५५ टक्के शक्यता असलेली बोली एखाद्या डावात खोटी ठरली, म्हणून ती लावणाऱ्याचा विचार चुकला असे होत नाही. अनेक डावांच्या नोंदी एकत्र पाहिल्यावरच त्या विचाराची पारख होते.